पोलादाचा हट्ट आणि तांब्याची कॉइल

त्या वर्षी खंडेनवमीच्या दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये लेथला, ड्रिलला, ग्राइंडरला झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या. नारळ फोडायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात टेम्पो दारात येऊन थांबला आणि ड्रायव्हरनं एक लाकडी खोकं उतरवलं. खोकं आमचंच होतं. आठ दिवसांपूर्वी पाठवलेले चारशे स्पूल जसेच्या तसे परत आले होते. वर चिठ्ठी: 'माल चुंबकीय. स्वीकारता येत नाही.'

स्पूल म्हणजे हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या पोटात पुढंमागं सरकणारा दांडा. उसाची ट्रॉली मागं कलंडते ती ज्या व्हॉल्व्हमुळं, त्यातला हा जीव. आमचा स्पूल १४ मिलिमीटर जाड आणि ११० मिलिमीटर लांब; पोलाद वरून कडक केलेलं, ग्राइंडिंग करून आरशासारखं. ज्या भोकात तो सरकतो तिथं मोकळी जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीच. दांड्यात थोडंही चुंबकत्व उरलं तर तेलातला लोखंडी कीस त्याला चिकटतो, त्या फटीत जाऊन बसतो आणि स्पूल अडकतो. भरल्या ट्रॉलीखाली माणूस उभा असताना तो अडकला तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. गिऱ्हाइकाचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती.

मी एक स्पूल उचलून त्याचं टोक किसाच्या ट्रेला लावलं. टोकाला मिशीसारखा कीस उभा राहिला. आमचे ऑपरेटर म्हणाले, "मालक, ह्ये तर पाठवताना बी असंच व्हतं की. पुसलं की जातंय म्हणून आमी पुसून पाठवलं." पुसल्यानं कीस गेला होता, त्याला धरून ठेवणारं कारण गेलं नव्हतं. दिवाळीला वीस दिवस होते. तीन माणसांचा बोनस त्या खोक्यात अडकला होता.

चुंबकत्व येतं कुठून?

स्पूलच्या अंगावर एक सपाट खाच घासावी लागते. त्यासाठी तो सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर धरतात. चक म्हणजे लोहचुंबकाचं टेबल: खटका फिरवला की काम घट्ट बसतं, उलटा फिरवला की सुटतं. पण सुटलेला तुकडा चुंबकाचा अंश बरोबर घेऊन येतो. नरम लोखंड हा अंश बराचसा टाकून देतं. कडक केलेलं पोलाद टाकत नाही. ज्या गुणासाठी आपण ते कडक करतो, त्या गुणाचीच ही दुसरी बाजू आहे. कडक पोलादाच्या आत इतके अडथळे असतात की त्याचे कण सहजी सरकत नाहीत. म्हणून ते झिजत नाही, आणि म्हणूनच एकदा मिळालेली चुंबकाची दिशा सोडत नाही.

पिअर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये मांडलं की लोखंडाच्या आत सूक्ष्म इलाखे असतात. प्रत्येक इलाखा स्वतःपुरता पूर्ण चुंबक असतो. साध्या लोखंडात या इलाख्यांची तोंडं दाही दिशांना असतात, म्हणून बाहेर काही जाणवत नाही. बाहेरून जोरकस क्षेत्र लावलं की ती एका दिशेला वळतात. क्षेत्र काढलं तरी सगळी परत फिरत नाहीत, काही तशीच राहतात. कारणाच्या मागं रेंगाळणाऱ्या या परिणामाला जेम्स आल्फ्रेड इव्हिंग यांनी ग्रीक शब्दावरून 'हिस्टेरिसिस' असं नाव दिलं. ते तेव्हा टोकियोत शिकवत होते. मी मनाशी त्याला पोलादाचा हट्ट म्हणतो.

हा हट्ट आकारावरही ठरतो. बुटका, रुंद तुकडा आपल्याच दोन ध्रुवांच्या ओढीनं स्वतःचं चुंबकत्व बरंच मोडून टाकतो. लांब, बारीक तुकड्यात ध्रुव एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळं ते टिकतं. आमचा स्पूल जाडीच्या जवळजवळ आठपट लांब होता आणि वरून कडक. म्हणजे चुंबक व्हायला अगदी लायक.

हट्ट मोडायचे जुने मार्ग दोन. एक, तापवणं. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोचलं की त्याचं लोहचुंबकत्व संपतं. आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत भंगार उचलायला क्रेनला मोठा चुंबक लावलेला असतो, आणि तेच भंगार वितळलं की त्या रसाला कुठलाही चुंबक ओढू शकत नाही. पण तयार स्पूल तापवला तर त्याचा कडकपणाही जातो. दुसरा मार्ग ठोकण्याचा, आणि तो बेभरवशाचा. दक्षिणोत्तर धरून ठोकलेलं लोखंड उलट चुंबक होतं, हे विल्यम गिल्बर्टनं १६०० सालीच लिहून ठेवलं आहे. तयार मालावर हातोडा चालवायचा प्रश्नच नव्हता.

उरला तिसरा मार्ग. तुकड्याला आधी एका दिशेला, लगेच उलट्या दिशेला, असं जोरानं हलवायचं आणि हलवण्याचा जोर हळूहळू कमी करत शून्यावर आणायचा. झोपाळ्याला जोराचा झोका देऊन सोडून दिलं तर तो दोन्ही बाजूंना कमी कमी जात शेवटी मधोमध थांबतो. इथंही तसंच. प्रत्येक फेरीत इलाखे थोडे कमी वळतात, काही या तोंडाला आणि काही त्या तोंडाला राहून जातात, आणि अखेरीस बेरीज शून्याजवळ येते. हे हलवणं आपल्या भिंतीतला प्लग फुकट करून देतो. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे तिची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते. हवी फक्त तांब्याच्या तारेची एक कॉइल.

मामांच्या दुकानात

कोल्हापुरात तांब्याची तार म्हटलं की पाय शिवाजी उद्यमनगराकडं वळतात. हे गाव यंत्रं विकत घेण्याआधी ती उघडून बघतं. बाबूराव पेंटरांनी इथं सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. विहिरींवरची आणि गुऱ्हाळांवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता इथल्या मेस्त्रींनी ती बनवायला घेतली. त्या इंजिनांच्या सुट्या भागांवर उद्यमनगर वाढलं, पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगाव. त्या वाढीच्या कडेनं रिवायंडिंगची दुकानं वाढली. जळालेली मोटार आणायची आणि संध्याकाळी नवी भरून न्यायची. माझे वडील ज्यांच्याकडं मोटारी द्यायचे, त्या मेस्त्रींना आम्ही सगळे मामा म्हणायचो. तोवर मोटारी भरण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

मामांनी आधी भिंतीवरची एक जुनी रिंग काढून दिली. रंगीत टीव्हीवर डाग पडले की मेकॅनिक जी पडद्यासमोर फिरवत मागं जायचे, ती. ज्यांच्या घरी जाड काचेचा रंगीत टीव्ही होता त्यांना बटण दाबल्याबरोबर येणारा 'थड्' असा आवाज आठवत असेल. तोही याच विद्येचा. पडद्याभोवतीच्या कॉइलमधून जोराचा प्रवाह जायचा आणि तिच्या वाटेतला एक घटक तापून तो प्रवाह क्षणात आटवायचा. टीव्ही जागचा हलत नसे, म्हणून क्षेत्रच कमी केलं जाई. टीव्हीच्या पातळ पत्र्याला ती रिंग पुरायची. आमच्या स्पूलवर तिचा ढिम्म परिणाम झाला नाही. हट्ट जेवढा मोठा, तेवढा पहिला झोका मोठा लागतो.

मग आम्ही कॉइल भरायला घेतली. पहिल्या दिवशी चारशे वेढे घातले आणि प्लग लावला. एमसीबी खाड्कन पडला. तीस अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जात असणार. मी म्हणालो, "मामा, ताकद जास्त झाली. शंभर वेढे काढूया." मामा हसले. "काढू नगंस पोरा, घाल. मोटारीत टर्न कमी पडले की ती काय करते? जळते."

त्यांचं म्हणणं मी त्या रात्री वहीत मांडून पाहिलं. बदलत्या विजेवर चालणाऱ्या कॉइलमध्ये प्रवाहाला अडवते ती मुख्यतः तारेची रोधकता नव्हे, तर कॉइलच्या स्वतःच्या बदलत्या क्षेत्रामुळं उलट तयार होणारा दाब. हा अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेढे दुप्पट केले की अडथळा चौपट आणि प्रवाह पाव होतो. क्षेत्र ठरतं वेढे गुणिले प्रवाह यावर, म्हणजे ते निम्मं होतं. बॅटरीच्या एकाच दिशेच्या प्रवाहाचा अनुभव इथं फसवतो. २३० व्होल्टचा प्लग तोच ठेवला तर जास्त वेढ्यांची कॉइल सौम्य आणि कमी वेढ्यांची कॉइल उग्र. हजार वेढे घातले की प्रत्येकाच्या वाट्याला पाव व्होल्टही येत नाही.

दुसऱ्या खेपेला हजार वेढे घातले, पण पीव्हीसीचा पाइप मला तकलादू वाटला म्हणून मी ॲल्युमिनिअमच्या पाइपावर घालायला लावले. ही माझी दुसरी चूक. कॉइल गुणगुणली, पाइप तापू लागला आणि आत क्षेत्र नावापुरतंच मिळालं. धातूचा अखंड पाइप म्हणजे कॉइलच्या पोटात बसलेला एक वेढा, दोन्ही टोकं जोडलेला. ट्रान्सफॉर्मरसारखा तो स्वतःच प्रवाह ओढून घेतो आणि आतलं क्षेत्र मारतो. मामांना हे कळत होतं. मी विचारलं नव्हतं, म्हणून ते बोलले नव्हते. सगळी तार उलगडून पुन्हा भरावी लागली.

तिसरी कॉइल आजही चालू आहे. ज्यांना करायची असेल त्यांच्यासाठी तिची मापं देतो. १४० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप. त्यावर लेदरॉइड पेपरचे दोन थर. दोन्ही बाजूंना बेकेलाइटच्या चकत्या, मध्ये ८० मिलिमीटर जागा. १८ गेजची मुलामा दिलेली तांब्याची तार, एका थरात साठेक वेढे, असे सतरा थर. प्रत्येक थरावर पेपर. तार सुमारे ५०० मीटर लागते, वजन पाच किलोच्या थोडं वर. वरून सुती टेप, वॉर्निश, आणि भट्टीत वाळवण. प्रवाह साडेपाच अँपिअरच्या आत. मधोमध क्षेत्राचं शिखर सुमारे ५०० गॉस, आमच्या पोलादाला पुरून उरणारं.

ही कॉइल सतत चालवायची नाही. तिच्यात दोनशे वॉटवर उष्णता तयार होते आणि ती बाहेर पडायला वाट कमी. पाच मिनिटांत तांबं तीसेक अंशांनी चढतं. म्हणून वेढ्यांच्या थरात मोटारीत बसवतात तसा तापमानाचा कटआउट घातला आहे. बटण पायाचं आहे, दाबलं तरच चालू. अर्थिंग आणि गळतीला पडणारा ब्रेकर या दोन गोष्टींत काटकसर करायची नाही. चालवणाऱ्यानं अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं. बोटातली अंगठी म्हणजे पुन्हा तोच बंद वेढा.

आधी माल बाहेर, मग स्विच

पाइपातून आरपार एक सागवानी पन्हळ बसवली, दोन्हीकडं मीटरभर बाहेर येणारी. तिची दिशा पूर्व-पश्चिम. पृथ्वीचंही क्षेत्र आहे, कोल्हापुरात सुमारे ०.४ गॉस. लांब तुकडा दक्षिणोत्तर धरून काढला तर तो शेवटी शून्यावर न थांबता पृथ्वीच्या क्षेत्राकडं किंचित झुकून थांबतो. स्पूल पन्हळीत लांबीनं ठेवायचा, कॉइलमध्ये ढकलायचा आणि पलीकडून हळूहळू, चार-पाच सेकंद घेत, मीटरभर लांब न्यायचा. तिथं कॉइलचं क्षेत्र ०.३ गॉसवर आलेलं असतं, पृथ्वीच्याही खाली. मगच स्विच सोडायचा. स्पूल एकेक करून काढायचे. एकदम मूठभर घातले तर बाहेरचे स्पूल आतल्यांवर आडोसा धरतात. लोखंडी ट्रेमध्ये ठेवून तर मुळीच नाही.

पहिल्या दिवशी दोनशे स्पूल काढून झाले आणि वीज गेली. त्या काळात लोडशेडिंग आम्हाला पाठ होतं, पण हे वेळापत्रकाबाहेरचं. एक स्पूल नेमका कॉइलच्या मध्यावर होता. वीज आल्यावर तपासला तर तो खोक्यातल्या कुठल्याही स्पूलपेक्षा जबर चुंबक झाला होता. झोपाळा वर गेलेला असताना कुणीतरी हातानं धरून ठेवावा, तसं झालं. प्रवाह शिखरावर असताना तुटला तर तुकडा भरपूर चुंबक होतो, शून्याजवळ तुटला तर कमी. कधी काय होईल ते आपल्या हातात नाही. त्यात एक दिलासाही होता: तोच स्पूल पुन्हा नीट काढला की साफ होत होता. दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून पन्हळीवर लाल ऑइलपेंटनं लिहून घेतलं: 'आधी माल बाहेर, मग स्विच.'

मोजमापाला आधी दोऱ्याला टांगलेली टाचणी होती. स्पूल जवळ नेला आणि टाचणी हलली, तर तो नापास. मग शेजाऱ्यांचा गॉसमीटर उसना आणला. त्यातला हॉल सेन्सर एडविन हॉलनं १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालतो. आधी टोकाला १४ गॉस दाखवणारे स्पूल आता एक गॉसच्या खाली होते. गिऱ्हाइकाची मर्यादा दोनची होती. त्यानंतरच ते रॉकेलमध्ये धुतले. हा क्रम महत्त्वाचा: चुंबकत्व काढण्याआधी धुतलं तर कीस सोडत नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी खोकं परत गेलं, आणि पुन्हा आलं नाही.

कॉइलची मर्यादाही सांगायला हवी. पुढं एकदा ६० मिलिमीटर जाडीचा शाफ्ट आम्ही तिच्यातून काढला. गॉसमीटरनं शाबासकी दिली. तोच शाफ्ट वरून दोन मिलिमीटर घासल्यावर पुन्हा कीस धरू लागला. ५० आवर्तनांचं क्षेत्र पोलादात काही मिलिमीटरच शिरतं, वरच्या थरात उठणारे भोवरे प्रवाह त्याला आत जाऊ देत नाहीत. जाड कामाला संथ गतीनं दिशा बदलणारा, टप्प्याटप्प्यानं कमी होणारा एकदिश प्रवाह लागतो. तो आमच्याकडं नाही. तसं काम आम्ही घेत नाही.

जहाज, ट्राम आणि पन्हाळा

एकदा हे कळल्यावर ते सगळीकडं दिसायला लागलं. १९३९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या शूबरीनेसच्या किनाऱ्यावर एक जर्मन सुरुंग चिखलात सापडला. जहाजाच्या लोखंडाचं चुंबकत्व ओळखून तो फुटणार होता. मग जहाजांनाच वायरींचे वेढे देऊन त्यांचं क्षेत्र मारण्याची पद्धत आली. चार्ल्स गुडीव्ह यांनी गणितज्ञ गाउसच्या नावावरून तिला 'डीगाउसिंग' म्हटलं.

आपल्याकडची गोष्ट मला जास्त आवडते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. शहरात विजेची ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या प्रवाहांनी या नाजूक नोंदी बिघडतील हे उघड झालं. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारतीला पोरबंदरचा चुंबकत्व नसलेला दगड वापरला. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळवला. ट्राम धावू लागली ती १९०७ मध्ये. नोंद तुटू नये म्हणून एवढी तयारी करणारी माणसं इथं होऊन गेली.

आणि पन्हाळा. आम्ही पाय ठेवतो तो काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. निवताना त्यातल्या लोहाच्या खनिजांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५० च्या दशकात क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांचं हे चुंबकत्व मोजलं. भारत तेव्हा दक्षिण गोलार्धात होता, हे त्यातून दिसलं. आता प्रयोगशाळेत असा दगड आला की आधी त्याला आमच्यासारख्याच कॉइलमध्ये घालतात. मधल्या काळात, कधी नुसतं पडून राहिल्यानं, कधी वीज कोसळल्यानं, वर चढलेलं कच्चं चुंबकत्व हलक्या झोक्यांनी झडतं. मूळचं, हट्टी, खाली उरतं. ज्या हट्टापायी माझा बोनस अडकला होता, त्याच हट्टापायी भूखंडाचा प्रवास कळला.

मामांना तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला. डॉक्टरांनी बजावलं, असल्या यंत्रांपासून लांब राहायचं. त्यानंतर आम्ही कॉइलपासून बारा फुटांवर जमिनीवर पांढरा पट्टा मारला आणि दारावर पेसमेकरची पाटी लावली. आमच्या धंद्यात येणारी पिकल्या केसांची माणसं बघता ती पहिल्या दिवशीच लावायला हवी होती.

दर खंडेनवमीला मामा येतात. त्या दिवशी प्लग काढून ठेवलेला असतो, तरी ते पट्ट्याच्या अलीकडंच उभे राहतात. मी कॉइलला माळ घालतो. ते लांबूनच विचारतात, "तापती का रं?"

"न्हाई मामा."

"मग हाय तशी चालू दे," म्हणतात, आणि प्रसादाचा नारळ घेऊन उद्यमनगराकडं चालू लागतात.